थांबलेल्या बसपुढे थांबण्याचे शास्त्र

मराठी वाहनचालकाच्या लेखी चालती गाडी थांबवण्याची सबळ कारणे फार थोडी असतात. लाल दिवा आणि त्याखाली प्रत्यक्ष उभा असलेला पोलीस, रेल्वेचे बंद फाटक, लग्नाची वरात आणि समोरून येणाऱ्या गाडीत अवचित दिसलेले ओळखीचे माणूस, एवढ्यावर ही यादी बहुधा संपते. अमेरिकेतील वाहतुकीच्या कायद्यांनी तीत आणखी एका कारणाची भर घातली असून ते कारण म्हणजे शाळेची थांबलेली बस होय. त्या देशाच्या पन्नासही राज्यांत असा नियम आहे की, लाल दिवे लुकलुकत आहेत आणि अंगावरची पाटी बाहेर आलेली आहे अशा स्थितीत शाळेची बस रस्त्यात उभी असेल, तर तिच्या मागून येणाऱ्याने, आणि रस्ता दुभागलेला नसेल तर साधारणतः समोरून येणाऱ्यानेही, आपली गाडी उभी करावी आणि दिवे विझून पाटी मिटेपर्यंत ती हलवू नये. नियम एवढाच आहे आणि तो सहा वर्षांच्या मुलालाही कळतो, किंबहुना त्यालाच तो नीट कळलेला असतो. परंतु प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तिका चाळल्या म्हणजे असे दिसून येते की, थांबावे कसे हे सांगायला त्यांत दोन ओळी पुरतात आणि थांबण्यापासून सूट कोणाला, हे सांगायला मात्र आकृत्या काढाव्या लागतात.

या नियमाची सगळी सामग्री बसच्याच अंगावर असते. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे बसचे दार उजवीकडे म्हणजे पदपथाच्या बाजूला उघडते आणि चालक डावीकडे बसतो. त्याच्या खिडकीच्या खालच्या अंगाला बिजागरीवर बसवलेली लाल अष्टकोनी पाटी असते. ही चौकातल्या थांबण्याच्या पाटीचीच फिरती आवृत्ती असून एरवी ती बसला चिकटून मिटलेली असते आणि मुले चढू-उतरू लागली की काटकोनात उघडते. केंद्रीय वाहनसुरक्षा मानक क्रमांक १३१ अन्वये १ सप्टेंबर १९९२ पासून बनणाऱ्या शालेय बसवर ही पाटी सक्तीची झाली. तिच्या जोडीला बहुतेक बसना छताजवळ पुढे चार आणि मागे चार असे आठ दिवे असतात, त्यांतले बाहेरच्या बाजूचे लाल आणि आतले पिवळसर. थांबा जवळ आला की चालक आधी पिवळे दिवे सुरू करतो, ज्याचा अर्थ वेग कमी करा, बस आता थांबणार आहे, असा होतो. नंतर बस थांबते, दार उघडते, पाटी बाहेर येते आणि लाल दिवे लागतात. पिवळ्या दिव्याचा हा शासकीय अर्थ झाला. त्याचा लौकिक अर्थ असा की, अजून लाल व्हायचा आहे, तोवर निसटा. या एका बाबतीत पुणे आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यात कसलाही सांस्कृतिक भेद अभ्यासकाला आढळणार नाही.

बसच्या रंगाचा इतिहास या कायद्याच्या इतिहासाहून जास्त रंजक आहे. खेड्यापाड्यांतल्या एकशिक्षकी शाळा बंद करून मोठ्या मध्यवर्ती शाळा काढण्याचे धोरण अमेरिकेत रुजू लागले तेव्हा मुलांना दूरवरून आणण्याची सोय करणे भाग पडले, आणि ज्याला जे वाहन मिळेल आणि जो रंग परवडेल त्यात ही वाहतूक होऊ लागली. काही ठिकाणी तर मुलांत देशप्रेम जागे व्हावे म्हणून बसला राष्ट्रध्वजाच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत रंगवण्याची टूम निघाली होती; देशप्रेम किती जागे झाले हे सांगणे कठीण, पण असल्या रंगसंगतीत बस उठून दिसण्याऐवजी दडून जाते, हा आक्षेप कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी घेतला. रॉकफेलर घराण्याच्या दानातून मिळालेल्या ५,००० डॉलरांवर त्यांनी एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कला एक परिषद भरवली. तेव्हाच्या ४८ राज्यांचे शिक्षणाधिकारी, बस बनवणारे अभियंते आणि रंगतज्ज्ञ सात दिवस एकत्र बसले आणि बसची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी यांसारखी ४४ मानके ठरवून उठले. रंग निवडता यावा म्हणून लिंबासारख्या फिक्या पिवळ्यापासून नारिंगी-तांबड्यापर्यंतच्या पन्नास छटा भिंतीवर टांगलेल्या होत्या. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसून ‘हाच पण जरा उजळ’ असा रंग मागणाऱ्या कुटुंबाला ज्याने पाहिले आहे, त्याला ४८ राज्यांचे एका पिवळ्यावर सात दिवसांत एकमत झाले, हीच त्या परिषदेची सर्वांत मोठी कामगिरी वाटेल. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अर्धवट उजेडात जो लवकर नजरेत भरतो आणि ज्यावर काळी अक्षरे ठळक उमटतात, असा नारिंगीकडे झुकणारा पिवळा त्यांनी मुक्रर केला. अर्थात एकमत होणे वेगळे आणि अंमलबजावणी होणे वेगळे, हा नियम त्याही देशात चालतो. मिनेसोटा हे शेवटचे राज्य या रंगाला राजी व्हायला १९७४ साल उजाडले.

इथवर सारे सोपे आहे. अडचण सुरू होते ती रस्त्याच्या मध्यभागी. बसच्या मागून येणाऱ्याने थांबावे याबद्दल वाद नाही, पण समोरून येणाऱ्याचे काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या संघराज्यात्मक घटनेने जितकी राज्ये जवळजवळ तितकी उत्तरे देऊन ठेवली आहेत. न्यूयॉर्क राज्य कोणतीही सवलत देत नाही. मध्ये दुभाजक असो, पलीकडे कितीही मार्गिका असोत, बस शाळेच्या दारात उभी असो की शाळेच्या वाहनतळात, दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबलेच पाहिजे. नदी ओलांडून न्यूजर्सीत शिरले की दुभाजकाच्या पलीकडच्या चालकाला थांबण्याऐवजी वेग ताशी १० मैलांवर, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरवर आणण्याची मुभा मिळते, आणि बस थेट शाळेसमोर कडेला उभी राहून मुलांना उतरवत असेल तर त्याच वेगाने दोन्ही बाजूंनी पुढे जाता येते. कॅलिफोर्नियात दोन्ही दिशांना दोन किंवा अधिक मार्गिका असल्या की समोरच्याला थांबावे लागत नाही. ओहायोत हीच सूट एकूण चार मार्गिकांपासून सुरू होते, तर वॉशिंग्टन राज्यात तीन मार्गिका पुरतात. मार्गिका म्हणजे रंगाच्या पट्ट्यांनी आखलेला, एका रांगेतील वाहनांपुरता रस्त्याचा उभा पट्टा, हे येथे सांगून ठेवले पाहिजे, कारण ज्या रस्त्यावर वाहने पट्ट्यांच्या बरोब्बर वरून चालतात तेथील वाचकाला ही संकल्पना अपरिचित असण्याचा संभव आहे.

त्यानंतर दुभाजक कशाला म्हणावे, हा खरा शास्त्रार्थ येतो. सिमेंटचा कठडा हा दुभाजक आहे आणि गवताची पट्टी हाही बहुतेक ठिकाणी दुभाजक आहे, परंतु नुसते पिवळ्या रंगाने रस्त्यावर ओढलेले पट्टे सामान्यतः दुभाजक धरले जात नाहीत. डावीकडे वळणाऱ्यांसाठी रस्त्याच्या मधोमध राखलेली मार्गिका हा दुभाजक नव्हे, असे टेक्ससने स्पष्ट बजावले आहे. थांबायचे किती दूर, यावरही मतैक्य नाही : पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायो १० फुटांवर समाधान मानतात, न्यूयॉर्क २० मागते, न्यूजर्सी २५. सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मागून येणाऱ्याने निदान २० मीटर दूर उभे राहावे लागते, त्यामुळे फुटांत विचार करण्याची सवय घेऊन तिकडे गेलेला चालक पुढे फार घुसतो. एकूण काय, ताशी ४० मैलांनी जाणाऱ्या गृहस्थाला समोर पिवळे दिवे दिसताच तीन सेकंदांत राज्य कोणते, मार्गिका किती, मधली वस्तू गवत की रंग, हे सर्व ठरवून पाय कुठल्या पट्टीवर ठेवायचा याचा निकाल द्यावा लागतो. ज्याला यातले काहीच आठवत नाही तो घाबरून थांबतो, आणि नेमके तेच बरोबर असते. घोळ घालतो तो पुस्तिका अर्धी वाचलेला.

पुस्तिका संपूर्ण वाचणारा वर्ग म्हणजे महाराष्ट्रातून नव्याने गेलेला अभियंता. न्यूजर्सीत वाहनपरवान्यासाठी जी लेखी ज्ञानचाचणी असते तिच्यात ५० प्रश्न असून ४० बरोबर यावे लागतात, आणि पाठांतरावर वाढलेल्या समाजाला ८० टक्के म्हणजे अपमानच वाटतो. बसपासून किती फुटांवर थांबावे, याच्या चार पर्यायांपैकी २५ हा पर्याय अशा उमेदवाराला झोपेतही सांगता येतो. बसमधून मूल उतरते आहे हे चित्र मात्र त्याच्या डोळ्यांसमोर परीक्षेच्या वेळी बहुधा नसते. तिथे फक्त पंचवीस हा आकडा असतो. ठाण्यात किंवा नाशकात दहा वर्षे निर्धोक गाडी हाकलेल्या या माणसाला पहिल्या आठवड्यात खरा त्रास थांबण्याचा होत नाही, थांबल्यावर हाताचे काय करायचे याचा होतो. उजवा हात आपसूक हॉर्नकडे जातो. शेजारी बसलेल्या, त्या देशात एक वर्ष आधी आलेल्या पत्नीचा ‘अहो, वाजवू नका हं इथे’ हा दबका इशारा वेळेवर मिळाला नाही, तर रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या आरशांत एकाच वेळी चेहरे उमटतात.

प्रत्यक्ष थांब्यावरचा देखावा जवळून पाहण्याजोगा असतो. न्यूजर्सीतल्या एडिसनसारख्या गावातल्या वसाहतीच्या तोंडाशी, सकाळी आठाच्या सुमारास, थंडीचे कोट घातलेली आठ-दहा मुले आणि त्यांचे पालक उभे असतात. बालवर्गातल्या मुलाला घ्यायला थांब्यावर मोठे माणूस हजर असावे, असा दंडक अनेक शालेय जिल्ह्यांनी, म्हणजे एका परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, घालून दिलेला असतो. बस वळणावरून येते, हवेचे ब्रेक फुस्स करतात, दार दुमडते, पाटी उघडते आणि दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागतात. रस्त्यापलीकडून येणाऱ्या मुलांनी बसच्या नाकासमोरून न जाता दहा फूट पुढून जावे, म्हणजे चालकाला ती दिसतील, यासाठी पुष्कळ बसच्या पुढच्या बंपरवर उजवीकडे एक लांब दांडा बसवलेला असतो. तो फाटकासारखा पुढे उघडतो आणि मुलांना वळसा घालायला लावतो. आता एक मूल पायरी चढते, थांबते, उतरते आणि आईला मिठी मारायची राहिली म्हणून परत येते. दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट बसलेले नसते. तिसरीच्या वहीतून सुटलेला, शाळेत दाखवायचा चित्राचा कागद वाऱ्याने बसखाली जातो आणि ती वाकणार एवढ्यात चालकीण काचेआडून ठामपणे मान हलवते, कारण बसजवळ पडलेली वस्तू मुलाने कधीही उचलायला जायचे नाही, हा त्या देशातल्या मुलांना पढवलेला पहिला धडा आहे. बसभोवतीचे दहा फूट हा सर्वांत धोक्याचा टापू मानला जातो. बसच्या आत मूल सुरक्षितच असते. उंच, गुबगुबीत पाठीची आसने जवळजवळ रचून, पट्ट्याशिवायही धक्का शोषला जाईल अशी कप्प्याकप्प्यांची व्यवस्था १९७७ पासून तिथे सक्तीची आहे. तेव्हा चालकीण कागदाकडे बघत नाही, मुलीकडे बघते. मुलगी रडते. तिची समजूत निघेपर्यंत एका बाजूला बँकेचा उपाध्यक्ष, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियेला निघालेला डॉक्टर, त्याच्यामागे खडीचा ट्रक, सर्व इंजिने चालू ठेवून आणि तोंडे बंद ठेवून उभी असतात.

या देखाव्यात वर्षाकाठी काही महिने आणखी एक पात्र दिसते, ते म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा. सून आणि मुलगा कामाच्या बैठकांत असल्याने नातीला थांब्यावर सोडणे हे खाते त्यांच्याकडे आपसूक येते, आणि वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला कोणतेही खाते मिळाल्याचा आनंदच होतो. रस्ता ओलांडताना उजवा हात खांद्याच्या उंचीवर, पंजा गाड्यांकडे, नजर समोर, ही महाराष्ट्रातल्या पादचाऱ्याची आडवे जाण्याची पद्धत. ती वापरून ते डेक्कनपासून दादरपर्यंत सगळीकडे सुखरूप आडवे गेलेले असतात. एडिसनला पहिल्या दिवशी ते असाच हात करतात आणि काय आश्चर्य, दोन्ही बाजूंच्या गाड्या गपकन थांबतात! लाल दिव्यांकडे त्यांची पाठ असते. आयुष्यभर जो हात निम्म्या वेळाच चालला तो या परक्या मुलुखात शंभर टक्के चालतो, याचा अर्थ हे लोक वडीलधाऱ्यांना मान देणारे आहेत, असा निष्कर्ष ते पुण्याला फोनवरून कळवतात. थांबलेल्या चालकांकडे बघून ते मानही तुकवतात, आणि चालकही हात हलवतात, त्यामुळे गैरसमज दोन्ही बाजूंनी दृढ होतो. ‘आबा, हात नको करूस ना, रेड लाइट ऑन आहे,’ असे नात कुजबुजते, पण ज्या बाबतीत अनुभव आहे त्या बाबतीत त्यांना नातीचा सल्ला नको असतो. बस निघून गेल्यावर तोच हात घेऊन ते एकटे परतू लागतात, तेव्हा मात्र त्या देशाची वृद्धांविषयीची आदरभावना एकदम ओसरल्याचे त्यांच्या ध्यानी येते.

त्यांच्या या विश्वासाचे मूळ महाराष्ट्रातल्या शाळेच्या बसमध्येच सापडते. राज्याने २०११ साली शालेय बसच्या विनियमनाचे स्वतंत्र नियम केले. त्यांत पिवळा रंग आला, ठरावीक मर्यादेपुढे गाडी धावू न देणारे यंत्र म्हणजे वेगनियंत्रक आला, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेची परिवहन समिती आली आणि महिला सहायकही आली. नियमपुस्तकातल्या या महिला सहायकेला सारे गाव मावशी म्हणते. अमेरिकेने आठ दिवे, बिजागरी, अष्टकोन आणि पन्नास राज्यांचे कायदे खर्ची घालून जे साधले, ते मावशी एका हातात पोर धरून दुसऱ्या हाताने करत असतात. बस थांबली की त्या पहिल्यांदा उतरतात, दप्तर खांद्याला अडकवतात, रस्त्यात दोन पावले पुढे होतात आणि ‘ओ दादा, दिसत न्हाई का, पोरगं हाय,’ एवढा मजकूर सोडतात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून निषेध नोंदवतात, पण थांबतात. दुचाक्या थांबत नाहीत, मावशींना वळसा घालून जातात, आणि मावशी त्यांना उद्देशून जे बोलतात त्याला कोणत्याही नियमावलीत कलम नाही. रिक्षावाले काका आणि व्हॅनवाले काका यांची पद्धत आणखी वेगळी : ते गाडी अशी तिरपी लावतात की थांबण्यावाचून कोणाला पर्यायच उरत नाही. वाहनांच्या पाठीवरचे वाङ्मयही या संदर्भात तुलनेने पाहावे. अमेरिकन शालेय बसच्या पाठीवर लाल दिवे लुकलुकताना थांबा, असे लिहिलेले आढळते. इकडच्या ट्रकांच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची जी सुप्रसिद्ध इंग्रजी विनंती असे, ती उत्तेजन देते म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. विनंती गेली, हॉर्न राहिले.

तथापि अमेरिकन चालक सर्वत्र शिस्तीने थांबतो, असे समजणे आजोबांच्या फोनवर विसंबण्यासारखे होईल. राज्यांच्या विद्यार्थी-वाहतूक संचालकांची एक राष्ट्रीय संघटना आहे, ती बसचालकांकडून एका दिवसाची मोजणी करवून घेते. २०१९ साली ३९ राज्यांतील १,३०,९६३ बसचालकांनी त्या एका दिवसात आपल्या थांबलेल्या बसला डावलून गेलेल्या ९५,३१९ गाड्यांची नोंद केली. १८० दिवसांच्या शालेय वर्षाला हा आकडा लावला तर तो १ कोटी ७० लाखांच्या पुढे जातो. त्यांतल्या काही गाड्या तर उजव्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूला दार उघडते आणि मूल पाय खाली टाकते, त्या बाजूने गेलेल्या असतात. पकडल्यावर दिले जाणारे सर्वांत लोकप्रिय कारण, बस दिसलीच नाही, हे आहे. ४८ राज्यांच्या तज्ज्ञांनी खास दिसण्यासाठी निवडलेला रंग, जवळजवळ चाळीस फूट लांबी, आठ दिवे आणि एक अष्टकोन एवढे असूनही जी वस्तू दिसत नाही, ती दिसावी म्हणून पुढे काय करता येईल, याचा विचार संबंधितांनी करणे प्राप्त आहे.

शिक्षा कडक आहेत. न्यूजर्सीत पहिल्याच गुन्ह्याला किमान १०० डॉलर दंड आणि वर पंधरा दिवसांपर्यंत कैद किंवा पंधरा दिवस समाजसेवा होऊ शकते. पेन्सिल्व्हेनियात परवाना ६० दिवस निलंबित होतो, आणि जेथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते अशा उपनगरात ही शिक्षा किती सूक्ष्म विचाराने योजलेली आहे हे राहिल्यावाचून कळत नाही : त्या वस्तीत नेमाने येणारे-जाणारे सार्वजनिक म्हणावे असे एकच वाहन असते, आणि ते असते शाळेची बस.

व्हर्जिनिया राज्यातल्या कायद्याची हकिगत मात्र मुळातूनच सांगितली पाहिजे. तेथील कलमाचा आशय, थांबलेल्या शालेय बसपाशी जो थांबणार नाही तो बेदरकार वाहन चालवण्याचा दोषी, असा होता. १९७० साली या कलमाची दुरुस्ती होताना ‘पाशी’ या अर्थाचे दोनअक्षरी इंग्रजी अव्यय गळून पडले आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नाही. उरलेल्या वाक्याचा शब्दशः अर्थ असा झाला की, थांबलेली बस जो थांबवणार नाही तो दोषी. चाळीस वर्षे हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात निवांत पडून होते, त्यावर लोकांना दंडही होत होते, आणि अखेर २०१० मध्ये फेअरफॅक्स परगण्यात बसला ओलांडून गेलेल्या एका चालकाच्या बाजूने हा मुद्दा न्यायालयात मांडला गेला. बस आधीच थांबलेली होती, सबब ती थांबवण्याचे कर्तव्य आरोपीवर नव्हते, आणि तिच्यापाशी थांब असे कायदा कुठे म्हणतच नव्हता, आरोपी सुटला. मराठीत थांबणे आणि थांबवणे ही क्रियापदे वेगळी असल्याने हा घोटाळा झाला नसता, दुसरा झाला असता. पुढल्याच वर्षी विधिमंडळाने ते हरवलेले अव्यय परत आणून बसवले, आणि एवढ्याशा शब्दासाठी विधेयक मांडले जाण्याचा बहुमान त्याला लाभला.

अलीकडे बसच्या पाटीजवळ कॅमेरे बसवण्याची चाल पडली आहे. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तशी परवानगी दिली. पहिल्या खेपेस २५० डॉलरांची नोटीस गाडीच्या मालकाच्या नावे घरी येते, मात्र चालवत कोण होते हे कॅमेरा सांगत नसल्याने परवान्यावर दोषांक चढत नाहीत. सरकारचा तपास जिथे संपतो तिथून घरातला सुरू होतो. गाडी नवऱ्याच्या नावावर, मंगळवारी आठ वाजून काही मिनिटांची वेळ, मंगळवारी कामावर कोण लवकर गेले होते, मुलगा तर आता परवान्याचा झाला आहे, आणि आजोबा त्या वेळी थांब्यावरच उभे होते म्हणजे निदान ते तरी निर्दोष. असा युक्तिवाद जेवणाच्या टेबलावर रंगतो आणि पुराव्यादाखल आलेली चित्रफीत पाच-सहा वेळा पाहिली जाते. साक्षीदार म्हणून नातीला विचारावे, तर बसच्या खिडकीतून तिने आपली गाडी ओळखलेली असते आणि ती ते शाळेत आधीच सांगून आलेली असते.

इतरांना थांबवणाऱ्या या बसला स्वतःलाही थांबावे लागते, ही वस्तुस्थिती मागच्या रांगेला विशेष झोंबते. रेल्वेच्या रुळांपाशी आगगाडी येत असो वा नसो, शाळेच्या बसने पूर्ण उभे राहावे, असा नियम बहुतेक राज्यांत आहे. चालक मुलांना गप्प करतो, दार आणि खिडकी उघडतो, दोन्हीकडे बघतो, कान देऊन ऐकतो आणि मगच रूळ ओलांडतो. चाळीस मुले एकाच वेळी गप्प होण्याची दिवसातली ही एकमेव संधी असल्याने पुष्कळ चालक कान द्यायला जरा जास्तच वेळ घेतात, असा संशय घेण्यास जागा आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत बस बंद होतात, पण न्यूजर्सीतल्या चालकाची सुटका तेव्हाही होत नाही. त्या राज्यात आईस्क्रीमच्या फिरत्या ट्रकासाठी स्वतंत्र कलम आहे. त्या ट्रकावरही लुकलुकणारे लाल दिवे आणि उघडणारी पाटी असते, आणि दोन्ही लागलेले दिसले म्हणजे चालकाने लहान मुलांवर नजर ठेवावी, ट्रकाकडे जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्या कोणाही पादचाऱ्याला आधी वाट द्यावी आणि मग ताशी १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून कमी वेगाने पुढे जावे, असे त्यात सांगितले आहे. जूनच्या दुपारी ट्रकाची धून वसाहतीत शिरते, दिवे लागतात, दोन्ही बाजूंच्या गाड्या मंदावून उभ्या राहतात, आणि उजवा हात खांद्याच्या उंचीवर धरून आजोबा रस्ता ओलांडतात. कलमात वयाची अट नाही आणि मधुमेहाचा उल्लेखही नाही.